समोर बसला म्हणजे विश्वास बसला?

घरून काम करणाऱ्या टीममध्ये आपुलकी रुजत नाही आणि विश्वासही तयार होत नाही, म्हणून सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावणे हाच उपाय आहे, अशा आशयाचा मजकूर नोकरदारांच्या व्हॉट्सॲप गटांतून सारखा पुढे पाठवला जात असतो. त्यात चार मुद्दे असतात : समोर न दिसणाऱ्या माणसावर भरवसा ठेवता येत नाही, नव्या कल्पना चहाच्या वेळच्या गप्पांतून सुचतात, देखरेख नसली की माणूस कामचुकारपणा करतो, आणि नवख्याला घरी बसून काही शिकता येत नाही. यांपैकी शेवटचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. पहिल्या तीन मुद्द्यांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

पहिला मुद्दा पुण्याच्या आयटी क्षेत्रातली माणसेही छातीठोकपणे मांडतात, याचे मला नवल वाटते. केंद्र सरकारने १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांची यंत्रणा उभी केली, उपग्रहामार्फत डेटा परदेशी पाठवण्याची सोय झाली आणि अमेरिकेतल्या ग्राहकाचे काम इथे बसून करण्याची पद्धत फोफावली. तेव्हापासून हा धंदा ज्यांनी एकमेकांचे तोंडही क्वचितच पाहिले आहे, अशा माणसांच्या परस्परांवरील भरवशावर चालत आला आहे. ग्राहक न्यू जर्सीत, टेस्टिंग चेन्नईत आणि मॅनेजर बंगळुरूत असताना हिंजवडीच्या वाहतूक कोंडीतून वाट काढत ऑफिस गाठायचे आणि तिथे हेडफोन लावून त्याच तिघांशी बोलायचे, हा अनेकांचा नित्यक्रम आहे. बारा हजार किलोमीटरांवरच्या ग्राहकाशी जमणारा विश्वास कोथरूडात राहणाऱ्या सहकाऱ्याशी का जमू नये, याचे उत्तर त्या मजकुरात नसते.

मग विश्वास बसतो कशाने? प्रोग्रामरांना कोड साठवायची आणि मिळून लिहायची सोय पुरवणाऱ्या गिटलॅब या कंपनीतली एक घटना या संदर्भात सांगण्यासारखी आहे. या कंपनीचे कर्मचारी जगभर विखुरलेले असून आपापल्या घरून काम करतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याने, आपण दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसतो आहोत अशा समजुतीने, मुख्य डेटाबेसच पुसायला घेतला. चूक लक्षात येताच एक-दोन सेकंदांत त्याने ते थांबवले, पण तोवर सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार जीबी शिल्लक राहिला होता. बॅकअप शोधायला गेल्यावर कळले की रोजचा बॅकअप मुळात होतच नव्हता आणि तो फसल्याची सूचना देणारे ई-मेलही वाटेतच नाकारले जात होते. अखेर कामी आली ती सहा तासांपूर्वीची एक प्रत, आणि तीही त्याच अभियंत्याने वेगळ्या कामासाठी काढून ठेवलेली. टीमने दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि त्याच्या नोंदी कोणालाही वाचता येतील अशा दस्तऐवजात लिहिल्या. नंतरच्या अहवालात ‘असे का झाले’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत बॅकअपपर्यंत गेल्यावर उत्तर निघाले ते हे, की बॅकअप तपासण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. अहवालात त्या अभियंत्याचे नाव नाही आणि त्याला कामावरून काढलेही गेले नाही.

हे ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी पुढे कोणाच्या हातून चूक झाली तर ती दडवण्याचे कारण त्याला उरत नाही. याउलट एकाच खोलीत बसणाऱ्या कितीतरी टीममध्ये चूक झाली की पहिला विचार होतो तो ई-मेलच्या सीसीमध्ये कोणाला घालावे याचा, हे आपण जाणतोच. गिटलॅबने आपल्या कार्यपद्धतीची भलीमोठी हस्तपुस्तिका इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. साहेबांच्या मर्जीतल्यांना आधी आणि इतरांना उडत उडत कळणारा नियम तिथे सर्वांना एकाच ठिकाणी वाचायला मिळतो. माझ्या मते विश्वासाचे निम्मे काम तिथेच होते.

चहाच्या गप्पांचा मुद्दा अर्धा खरा आहे. एमआयटीतील थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते की, दोन अभियंत्यांच्या बसण्याच्या जागांमधले अंतर वाढले की त्यांच्यातला संवाद झपाट्याने घटतो. तीसेक मीटरांपलीकडे तो फारच कमी उरतो, म्हणजे या हिशेबाने वरच्या मजल्यावरचा सहकारीही जवळपास रिमोटच ठरतो. भिंती पाडून मोकळ्या केलेल्या ऑफिसांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हार्वर्डमधील अभ्यास सांगतो की, तिथे प्रत्यक्ष बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले आणि ई-मेल वाढले. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पूर्वार्धातील नोंदींवरून असे दिसले की, सगळे घरी गेल्यावर वेगवेगळ्या गटांमधला संपर्क आटला. हे नुकसान खरे आहे, फक्त ते भरून काढायला वेगवेगळ्या गटांना मिळून करावे लागेल असे कामच द्यावे लागते. चहाच्या यंत्रावर ते सोडून चालत नाही.

कामचुकारपणाच्या आरोपाला फार वेळ देण्याची गरज नाही. मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये ११ देशांतील २० हजार लोकांची पाहणी केली, तेव्हा ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपले काम नीट होत असल्याचे सांगितले, आणि ८५ टक्के वरिष्ठांनी त्याची खात्री वाटणे अवघड झाल्याचे सांगितले. कर्मचारी आपल्याच बाजूने बोलणार हे धरले, तरी वरिष्ठांपाशी काम मोजण्याचे साधन नव्हते, एवढे यातून दिसतेच. त्या उणिवेवर माऊसची हालचाल मोजणारे सॉफ्टवेअर हा उपाय निघाला, आणि लगोलग माऊस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रेही बाजारात खपू लागली.

राहिला नवख्यांचा प्रश्न. एका मोठ्या अमेरिकन कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या अभ्यासात असे आढळले की, सहकारी जवळ बसत असतील तर नवख्यांच्या कोडवर जास्त अभिप्राय येतात. मात्र शिकवण्यात वेळ गेल्यामुळे अनुभवी मंडळींचे स्वतःचे काम मागे पडते. तेव्हा पहिले काही महिने नव्या माणसाला कोणाच्या तरी शेजारी बसायला मिळावे, हे योग्यच आहे. पण त्यावरून सर्वांना पाच दिवस बोलावण्याचा निष्कर्ष निघत नाही. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिल्यावर राजीनामे एक-तृतीयांशाने घटले, आणि मूल्यमापनात किंवा बढत्यांत फरक पडला नाही.

पूर्ण वेळ दूर राहणाऱ्यांनाही भेटीची गरज असते, हे डेबियन ही मोफत संगणक प्रणाली बनवणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पावरून दिसते. १९९३ पासून हे लोक ऑफिसाशिवाय एक अख्खी संगणक प्रणाली चालवत आले आहेत, तरी नव्या सदस्याला आधीच्या सदस्याने प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून त्याच्या डिजिटल किल्लीवर, म्हणजे इंटरनेटवर त्याची ओळख पटवणाऱ्या खुणेवर, सही करण्याची त्यांची जुनी प्रथा आहे. त्यानंतर माणूस पारखला जातो तो त्याच्या कामावरून. त्यांची परिषद दरवर्षी भरते. सप्टेंबर २०२३ मध्ये ती कोचीला झाली, आणि ती आटोपल्यावर सगळे पुन्हा आपापल्या घरी जाऊन कामाला लागले.