अँडांटे म्हणजे रेंगाळणं नव्हे

मोझार्टच्या २१व्या पियानो कॉन्चेर्टोच्या (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना; सूची क्रमांक के. ४६७, १७८५) एका रेकॉर्डिंगवरच्या लेखात तिचा दुसरा भाग ‘अतिविलंबित आणि उदास’ असल्याचं म्हटलंय. ते रेकॉर्डिंग तसं असेलही, पण स्वरलिपी वेगळं सांगते. लय अँडांटे, म्हणजे चालती, आणि तालखूण आला ब्रेव्हे. म्हणजे बारमध्ये (स्वरलिपीतल्या एका आवर्तनात) चार नव्हे, दोनच ठोके मोजायचे. सुरुवातीला दुसरे व्हायोलिन आणि व्हिओला त्रिके (तीन-तीन स्वरांचे गट) वाजवतात, बारला बारा स्वर. चार ठोके मोजले की ती त्रिके एकेक सुटी ऐकू येतात, दोन मोजले की झुलतात. शिवाय व्हायोलिनांवर म्यूट (आवाज मऊ करणारी चाप) आणि चेलो-बाससारख्या खर्जातल्या वाद्यांच्या तारा बोटांनी छेडलेल्या, त्यामुळे आधार हलकाच असतो.

खरी अडचण पियानोवर धून वाजवणाऱ्या उजव्या हाताची. पियानोचा स्वर वाजला की विरायला लागतो, मींड घेता येत नाही. मोझार्टच्या काळच्या पियानोवर तर तो आणखी लवकर विरायचा. लय ओढली की लांब स्वर पुढच्याला पोचायच्या आधीच संपतो, मग वादक स्वर लांबवणारं पेडल दाबून धरतो आणि सगळं धूसर होतं.

मूळ पट्टी एफ मेजर, म्हणजे उजळ वाटणारी. उदासी येते ती मधल्या मायनर (गंभीर वाटणाऱ्या) पट्ट्यांकडच्या वळणांतून आणि धुनेतल्या मोठ्या उड्यांतून. मुख्य धून परत येते तीही आधी ए फ्लॅट या दुसऱ्याच पट्टीत, मग घरी, म्हणजे एफमध्ये. हे वळण बहुतेक रेकॉर्डिंगांत ऐकूनही सुटतं.