हेलिकॉप्टरची सहा वर्षं कुठे गेली?

'एअर डेक्कनचा प्रवास २००३ साली एक रुपयाच्या तिकिटाने सुरू झाला' हे या स्वस्त विमान कंपनीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. तिचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांच्या डेक्कन एव्हिएशन या मूळ कंपनीची हेलिकॉप्टरं १९९७ पासून बंगळुरूहून भाड्याने उडत होती. निवडणूक प्रचार, सर्वेक्षण, रुग्णांची ने-आण, जे मिळेल ते काम. आमच्या तालुक्यात तेव्हा पुढाऱ्यापेक्षा त्याचं हेलिकॉप्टर बघायलाच जास्त गर्दी व्हायची (मीही त्यातलाच), पण ते भाड्याचं असतं आणि त्यामागे कुणाचा तरी रीतसर धंदा असतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं. छोट्या गावांत उतरायची सवय असलेल्या कंपनीने पुढे ४८ आसनी एटीआर विमानं घेऊन हुबळीसारखी शहरं धरली, यात नवल ते काय?

आणि एअर डेक्कन व किंगफिशर या विमान कंपन्यांच्या २००८ च्या विलीनीकरणाला 'किंगफिशरने गिळलं' म्हणून मोकळं होणं फारच सोपं झालं. तेव्हा परदेशी उड्डाणांसाठी भारतीय कंपनीला देशांतर्गत उड्डाणांचा पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमानं लागत. किंगफिशरची विमानसेवा २००५ ची, डेक्कनची ऑगस्ट २००३ ची, म्हणजे पाच वर्षं डेक्कनचीच आधी भरणार. म्हणून कागदोपत्री किंगफिशरच डेक्कनमध्ये विलीन झाली, मग कंपनीचं नाव बदलून किंगफिशर झालं, आणि सप्टेंबर २००८ मध्ये लंडनचं विमान सुटलं. चार्टरचा, म्हणजे भाड्याच्या उड्डाणांचा, धंदा मात्र आधीच वेगळा काढला होता, त्याबद्दल लेखात एक ओळही नाही.