‘एका इंजेक्शनात लकवा बरा’ : आत्याला आलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या मंगळवारी सकाळी साडेसहाला आत्याचा फोन आला. "अगं, तू केमिस्ट्री शिकवतेस ना? पाठवलंय ते आधी वाच. खरं असलं तर मी खालचं भाताचं कुणगं विकते." माझा आतेभाऊ चार वर्षांपूर्वी मे महिन्यात हापूसच्या कलमावरून पडला. मणका मोडला, मज्जारज्जू चेंगरला. तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही.

मेसेज थोडक्यात असा. अमेरिकेत लकव्यावर इंजेक्शन सापडलं आहे. त्यात ‘नाचणारे रेणू’ म्हणजे सूक्ष्म रोबोट असतात, ते तुटलेल्या नसा शिवतात आणि ओंकाराच्या कंपनाने नाचतात. दुखापत कितीही जुनी असो, माणूस चार आठवड्यांत चालतो. इंजेक्शनाआधी तीन महिने व्यायाम आणि मालिश बंद ठेवायचं, म्हणजे नसा मोकळ्या होतात. औषध कंपन्यांनी ही बातमी दाबली आहे. भारतात नावनोंदणी सुरू, फक्त पंचवीस हजार. अकरा जणांना पाठवा.

मी क्रमाने जाणार नाही. व्यायाम बंद करा या ओळीपासून सुरुवात करते, कारण तिने नुकसान करून झालेलं आहे. आत्याने मला फोन केला त्याच्या नऊ दिवस आधीच फिजिओच्या पोराला "तूर्त येऊ नकोस" म्हणून सांगितलं होतं. कूस बदलणंही कमी केलं, का, तर नसांना आराम. मी शनिवारी गेले तेव्हा माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल चट्टा होता, दाबला तरी पांढरा न पडणारा. शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाब पडत राहून होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी. आतेभावाला त्याचा पत्ताच नव्हता, कारण त्याला तिथलं काही कळतच नाही. तुम्हीआम्ही खुर्चीत बसल्या बसल्या दर काही मिनिटांनी नकळत सरकतो. त्याच्या वाटचं सरकणं दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू तुटलेला माणूस गेल्यातच जमा धरत. मरण यायचं ते बहुधा शय्याव्रणांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान या डॉक्टरने, जो नाझी जर्मनीतून निसटून आला होता, कोणतंही चमत्कारी औषध न आणता हे चित्र पालटलं. त्याने काय केलं? दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. लघवीच्या नळीची स्वच्छता. सांधे हलते ठेवायचे. आणि जमेल तितक्या लवकर माणसाला पलंगावरून उठवून कामाला, खेळाला लावायचं. १९४८ मध्ये त्याच रुग्णालयाच्या आवारात त्याने चाकाच्या खुर्चीवरल्यांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली, तिचंच पुढे पॅरालिम्पिक झालं. आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं ते याच पॅरालिम्पिकमध्ये. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पेटकर कमरेखाली अधू झाले होते. त्यांना तीन महिने ‘नसा मोकळ्या’ करत निजवून ठेवलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने करावा.

आणि नसा ‘मोकळ्या होणं’ म्हणजे काय? काही नाही. हालचाल थांबली की सांधे आखडतात, स्नायू आणखी झिजतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. उद्या खरंच एखादं औषध आलं, तर ते घ्यायला आधी गुडघा सरळ होणारा पाय लागेल.

आता जे खरं आहे ते. नाइलाजाने कबूल करते, कारण मेसेज सरसकट खोटा असता तर आत्याशी बोलणं सोपं गेलं असतं. ‘नाचणारे रेणू’ हा शब्द व्हॉट्सॲपने काढलेला नाही. शिकागोतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले सॅम्युएल स्टप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. मागचे पाय लुळे पडलेल्या प्राण्यांना एक इंजेक्शन दिलं आणि चार आठवड्यांच्या आत ते चालू लागले, हेही त्यात आहे. प्राणी म्हणजे उंदीर. मेसेजमध्ये उंदराचा ‘उ’सुद्धा नाही.

इंजेक्शन कधी दिलं? दुखापतीनंतर २४ तासांनी. चार वर्षांनी नव्हे. ‘कितीही जुनी दुखापत’ हे कुणी घुसडलं ते घुसडणाऱ्यालाच ठाऊक. मज्जारज्जू चेंगरल्यावरचे पहिले काही दिवस वेगळे असतात. सूज असते, पेशी मरत असतात, पण काही वाचवता येतात. या औषधाने तिथे हात घातला. अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे लांब धागे, पुन्हा वाढले, जखमेचा व्रण कमी पडला, तंतूंवरचं मायलिनचं वेष्टन पुन्हा तयार झालं, नव्या रक्तवाहिन्या आल्या, हालचालीच्या चेतापेशी जास्त संख्येने जगल्या. चार वर्षांनंतर तिथे घट्ट झालेला व्रण असतो, बऱ्याचदा पाणी भरलेली पोकळी असते. पेरणीच्या वेळी दिलेलं खत कापणी होऊन गेल्यावर शेतात टाकण्यासारखं ते होईल. शिवाय उंदराचा अख्खा मज्जारज्जू काही सेंटिमीटरचा, माणसाचा सुमारे ४५ सेंटिमीटरचा. तंतूला किती लांब वाढावं लागेल ते बघा.

रोबोटबद्दल. वर्गात साबण शिकवताना मी जे सांगते, तेच इथे सांगते. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. पाण्यात टाकले की ते आपोआप गोळा होतात, तेलकट शेपट्या आत, दुसरी टोकं बाहेर. कुणी हुकूम देत नाही. स्टप यांचे रेणू त्याच जातीचे आहेत. स्निग्ध आम्लाची शेपटी आणि तिला जोडलेला अमिनो आम्लांचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड. फक्त ते गोळ्याऐवजी लांब तंतू बनवतात. इंजेक्शनातून द्रव आत जातो आणि शरीरातल्या क्षारांशी गाठ पडली की त्या तंतूंचं मऊ जेल जमतं. तंतूच्या बाहेरच्या अंगाला दोन प्रकारचे इशारे लावलेले असतात. एक अक्षतंतूंना वाढायला सांगणारा, दुसरा रक्तवाहिन्या आणि इतर पेशींना जगवणारा. शिवणकाम शरीराच्याच पेशी करतात. १२ आठवड्यांत हे तंतू विरघळून पेशींच्या पोटात जातात. यात ‘आपोआप’ या शब्दाला भुलायचं कारण नाही. विळीवर बोट कापलं की रक्तातलं फायब्रिन नावाचं प्रथिन आपोआप एकमेकांत गुंफतं आणि रक्त थांबतं, ते तुम्ही हजारदा पाहिलंय.

नाच तर या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट, आणि मेसेजने तिचीच माती केली. संशोधकांनी इशारे तेच ठेवले, पण रेणूच्या मधल्या भागातली अमिनो आम्लं बदलून तंतूच्या आतली रेणूंची हालचाल कमीजास्त केली. ज्या तंतूत रेणू जास्त डुलत होते, क्षणभर बाहेर डोकावून परत आत जात होते, त्याचा उंदरांना जास्त फायदा झाला. पेशीच्या पृष्ठभागावरचे, असे इशारे पकडणारे ग्राहक रेणूही सतत हलत असतात, तेव्हा हलणाऱ्याची हलणाऱ्याशी गाठ लवकर पडते, असा त्यांचा तर्क आहे. ही हालचाल रेणूच्या रचनेतून येते. ओंकार जरूर म्हणा, आत्या रोज म्हणते, तिला बरं वाटतं. पण पेप्टाइडला कान नसतात.

‘लकवा’ हा शब्दही गोंधळाचा. गावात पक्षाघातालाही लकवाच म्हणतात, आणि त्यात बिघाड मेंदूत असतो. या प्रयोगाशी त्याचा संबंध नाही.

दाबलेली बातमी? जगात सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या विज्ञानपत्रिकांपैकी एकीत छापून, विद्यापीठाने स्वतः गाजावाजा करून! असं दाबणं सगळ्यांच्या वाट्याला येवो.

आत्याने मधेच विचारलं, "म्हणजे असलं काही माणसात वापरतच नाहीत?" वापरतात. १९९० च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शुगुआंग झांग या संशोधकांना यीस्टच्या एका प्रथिनाचा अभ्यास करताना आपोआप जुळणारं पेप्टाइड सापडलं. त्याच कुळातलं १६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आज प्युरास्टॅट नावाने अमेरिकेत आणि युरोपात परवानगीने वापरलं जातं. एंडोस्कोपीत आतड्यातून, जठरातून रक्त झिरपत असेल तर डॉक्टर नळीतून ते सोडतात, रक्ताशी गाठ पडली की पारदर्शक जेल बनतं, आणि पारदर्शक असल्याने खालची जखम दिसत राहते. उपयोगी वस्तू आहे. पण झिरपणारं रक्त थांबवणं हे एक काम आणि तुटलेला मज्जारज्जू जोडणं हे दुसरं. पहिलं जमलं म्हणून दुसरं जमलंच असं धरता येत नाही, आणि मेसेज नेमका याच फटीतून आत शिरतो.

राहिले पंचवीस हजार. भारतात कोणत्याही नव्या औषधाची माणसांवर चाचणी करायची तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी नोंदवावी लागते. २००९ पासून ते सक्तीचं आहे, आणि ही यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून प्रयोगाच्या औषधाचे पैसे घ्यायचे नसतात. मी मेसेजमधल्या नंबरवर फोन करून नोंदणी क्रमांक मागितला. तिकडून "मॅडम, आधी ॲडव्हान्स भरा, मग फाइल पाठवतो." परत लावला तर उचलला नाही.

कुणगं विकायचा बेत बारगळला. फिजिओचा पोरगा सोमवारपासून परत येतोय. हवेच्या गादीचा पंप दिवाळीपासून रात्री मधेच बंद पडतो, तो आधी बदलायचा ठरलंय. तोवर रात्री बारा, दोन आणि चारचा गजर आत्याच्या मोबाइलमध्ये मीच लावून आले.