‘एक सकर सोडा आणि निश्चिंत व्हा’ हा सल्ला ऐकू नका

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘फिश टँकमध्ये एक सकर मासा सोडा. तो शेवाळ आणि सगळी घाण खातो. त्याला वेगळं खाणं लागत नाही, पाणीही बदलावं लागत नाही. फार वाढला तर नदीत सोडून द्या.’ हे वाचून मला मनापासून राग येतो, कारण यात मासे हकनाक मरतात.

मुळात दुकानात ‘सकर’ म्हणून निरनिराळे मासे विकतात. बोटाएवढा, काळपट, ठिपक्यांचा दिसतो तो बहुतेक वेळा प्लेको. तो फूटभर, कधी त्याहूनही मोठा होतो; दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही. कायम लहान राहतो तो ओटोसिंक्लस, म्हणजे ओटो. हा दक्षिण अमेरिकेतला, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा मासा आहे. तो थव्याने राहतो, त्यामुळे ‘एक’ नकोच, निदान सहा तरी घ्या.

‘घाण खातो’ हेही खोटं. माशांची विष्ठा ओटो खात नाही, उलट त्याची स्वतःची त्यात भर पडते. त्यातून सुटणारा अमोनिया ओटोला अजिबात सोसत नाही. म्हणून आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचंच, आणि नळाचं पाणी अँटीक्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालूनच वापरायचं.

सगळ्यात जास्त ओटो मरतात ते ‘वेगळं खाणं लागत नाही’ या वाक्यामुळे. बाजारातले बरेचसे ओटो नदीतून पकडलेले असतात आणि प्रवासात उपाशी राहिलेले असतात. घेताना काचेला चिकटलेल्या माशाचं पोट खालून बघा. खपाटीला गेलं असेल तर तो घेऊ नका. नव्या टाकीची काच कोरी असते, तिथे त्याला खायला काहीच नसतं, म्हणून टाकी निदान दोन महिने पाणी भरून चालू असलेली, मुरलेली हवी. तो काचेवरचा, पानांवरचा मऊ हिरवा-तपकिरी थर खातो. काळ्या केसांसारख्या शेवाळाला तोंड लावत नाही. मऊ थर संपला की दुधी किंवा काकडीचा काप उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, रात्री तळाशी ठेवा आणि सकाळी उरलेला काढून टाका. पहिले काही दिवस ते दुधीकडे फिरकतही नाहीत. तरी ठेवत राहा.

राहिलं नदीत सोडणं. मुठेचं पाणी मुळा-मुठा होऊन भीमेला मिळतं आणि उजनी धरणात जातं. उजनीत हे प्लेको आधीच माजलेत. अंगावरच्या टणक, काटेरी कवचामुळे त्यांना खाणारं फारसं कुणी नाही, जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, किंवा मोठी टाकी असलेला कुणी शोधा.