तंजावर चित्राला दुधाने पुसू नका, आणि ते दूध पिऊ तर मुळीच नका

गेल्या शुक्रवारी डोंबिवलीच्या मावशीचा फोन आला. आवाज अगदी रडवेला. "अगं, चक्राचा तुकडाच हातात आला गं माझ्या."

मावशीच्या देवघरात एक तंजावर चित्र आहे. मधोमध बालाजीचं नाम, दोन्ही बाजूंना शंख आणि चक्र, सगळं उठावाचं, वर सोन्याचा वर्ख आणि लाल-हिरवे खडे. तिच्या पंचाहत्तरीला माझ्या चेन्नईच्या बहिणीने आणलेलं. दोन वर्षं ते काचेआड सुखात होतं. मग मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर "तंजावर सुवर्णचित्राचे गुप्त रहस्य" नावाचा मेसेज आला, आणि मावशीने काच काढून चित्राला हळद घातलेल्या दुधाने अंग पुसल्यासारखं पुसलं.

तो मेसेज मला आतापर्यंत चार ठिकाणांहून आला आहे. रहस्य गुप्त आहे आणि आठ वेळा फॉरवर्ड केलेलं आहे, हे एक असो. मी पुण्यात दोन वर्षं एका तमिळ बाईंकडे हे काम शिकले आहे. चित्रकार वगैरे नाही, पण खडूची पूड पुष्कळ मळली आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

सगळ्यात आधी तो भयंकर मुद्दा. मेसेज म्हणतो: "दर शुक्रवारी काच काढून चित्र हळद-दुधाने पुसावे. काचेमुळे ऊर्जा अडते. पुसलेले दूध तीर्थ म्हणून घरातील लहान मुलांना द्यावे, त्यात सोन्याचा अंश उतरतो व सुवर्णप्राशनाचे फळ मिळते."

हे लिहिणाऱ्याने तंजावर चित्र कशाचं बनतं हे आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही. खाली लाकडी फळी असते. पूर्वी फणसाची, आता बहुतेक प्लायवूड. तमिळमध्ये या चित्रांना 'पलगै पडम' म्हणजे फळीवरचं चित्र म्हणतात, ते यामुळेच. फळीवर कापड चिकटवतात. त्यावर खडूची पूड आणि डिंक किंवा चिंचोक्याची खळ कालवून लेप देतात, वाळला की घासून गुळगुळीत करतात. मग रेखाटन, मग खडे बसवायचे. दागिने, प्रभावळ, चक्राचे आरे जिथे उठाव हवा तिथे पुन्हा तीच पूड आणि डिंक, घट्ट मळून, थरावर थर. बाई त्याला 'मक्कू' म्हणायच्या. तो वाळला की वर्ख चिकटवायचा, तोही डिंकानेच. रंग सगळ्यात शेवटी.

म्हणजे चित्राचा सांगाडाच मुळी खडू आणि डिंकाचा. डिंकाला पाणी लागलं की काय होतं हे डिंकाची बाटली उघडी ठेवलेल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. ओलावा वर्खाच्या कडेने आत जातो, मक्कू फुगतो, मऊ पडतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. मावशीच्या चक्राचं नेमकं हेच झालं. दुधात वर स्निग्धांश आणि साखर, म्हणजे बुरशीला आणि मुंग्यांना सहभोजनाचं निमंत्रण. काच ऊर्जा अडवत नाही; ती धूळ, उदबत्तीचा धूर आणि मावशीचं दूध अडवते.

आता ते तीर्थ. सोनं दुधात उतरत नाही. पाण्यात, साबणात, ताकात, कशातच नाही. नुसत्या नायट्रिक आम्लालाही ते दाद देत नाही, म्हणून तर सोनार त्याच आम्लावर कस पाहतात. विरघळवायला अम्लराज, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण लागतं. सोनं दुधात उतरत असतं तर भांडी घासता घासता आपल्या आयांच्या बांगड्या कधीच गटारात गेल्या असत्या. उतरतं ते बाकीचं: खडू, डिंक किंवा फेव्हिकॉल, आणि रंग. हल्लीच्या चित्रांत बाजारातले पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक असतात. ते मुलांनी पिण्यासाठी बनवलेले नाहीत. घरात आजीच्या काळातलं जुनं चित्र असेल तर आणखी जपा. जुन्या भारतीय चित्रकारांच्या रंगांत हरताळ, हिंगूळ आणि सफेदा हे नेहमीचे. हरताळात आर्सेनिक असतं, हिंगुळात पारा, आणि सफेदा शिशाचा. हे चमच्याने नातवाला पाजायला सांगणारा माणूस कोण आहे ते मला खरंच पाहायचं आहे. मावशीने तिचं दूध तुळशीला घातलं, ही देवाचीच कृपा.

दुसरा मुद्दा: "ही कला 1000 वर्षे जुनी असून राजराज चोळाने सुरू केली." इथे तंजावरचं बृहदीश्वर मंदिर आणि फळीवरचं चित्र यांची खिचडी झाली आहे. राजराजाचं मंदिर 1010 च्या सुमाराला पुरं झालं, आणि त्याच्या गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत हेही खरं. पण ती चुन्याच्या गिलाव्यावरची. त्यांवर मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळात दुसरी चित्रं काढली गेली आणि खालची चित्रं 1931 मध्ये उजेडात आली. तिथे फळी नाही, मक्कू नाही, खडे नाहीत. 'तंजावरला काढलेलं चित्र' आणि 'तंजावर चित्र' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गंमत म्हणजे हाच मेसेज खाली, भगव्या झेंड्याच्या इमोजीसकट, म्हणतो की "ही कला छत्रपती शिवाजी महाराजांनी कारागीर पाठवून तंजावरात रुजवली." अहो, 1000 वर्षं का शिवकाल, एक काहीतरी ठरवा. महाराज 1677 मध्ये दक्षिणेत गेले तेव्हा सावत्रभाऊ आणि तंजावरचे राजे व्यंकोजी यांच्याशी वाटणीवरून बोलणी झाली, ती फिसकटली आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. त्या धामधुमीत कुणी चित्रकारांची तुकडी पाठवली हे कुठून आलं, देव जाणे.

यात अर्धं सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय, कारण आपली माणसं लगेच "मराठ्यांचा काही संबंधच नाही म्हणतेस का?" असं विचारतात. संबंध आहे, भक्कम आहे. कला-इतिहासकार जया अप्पासामी यांनी या विषयावर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, 1980 सालचं, त्याचं नावच मुळी 'तंजावूर पेंटिंग ऑफ द मराठा पीरियड' असं आहे. हा विषय मराठा काळाखाली मांडतात तो उगाच नाही. सोनं, खडे, फुगीर उठाव, गुटगुटीत लोणीचोर कृष्ण, पडदे आणि खांबांची महिरप हे जे रूप आपण ओळखतो ते भोसल्यांच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, 1798 ते 1832 मध्ये, बहरलं. याच सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि 1803 मध्ये भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. 1855 मध्ये शेवटचे राजे निपुत्रिक वारले, संस्थान खालसा झालं आणि चित्रकारांना सावकार-व्यापाऱ्यांच्या दारी जावं लागलं.

पण आश्रय देणं वेगळं आणि हात चालवणं वेगळं. चित्र काढणारे बहुतेक राजू समाजाचे, मदुरैकडे नायडू, तेलुगू बोलणारे. विजयनगर मोडल्यावर दक्षिणेला सरकलेल्या घराण्यांतले. म्हणजे तेलुगू हात, तमिळ भूमी, मराठी दरबार. यातलं एकच नाव घेऊन झेंडा लावायचा असेल तर लावा बापडे.

तिसरा मुद्दा: "चित्रात 24 कॅरेट शुद्ध सोने असते, त्यामुळे सोन्याचा भाव वाढला की चित्राची किंमत आपोआप वाढते. सोनार वजनावर विकत घेतो." चांगल्या चित्रात बहुधा 22 कॅरेटचा वर्ख असतो. आता त्रैराशिक मांडू. साधा सोन्याचा वर्ख एक मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ धरला तर एक चौरस फूट वर्खात सुमारे 0.18 ग्रॅम सोनं भरतं. तंजावरचा वर्ख जाड असतो म्हणाल, तर तिप्पट धरा. अर्धा ग्रॅम झाला. आणि संपूर्ण चित्र काही सोन्याने मढवलेलं नसतं. एवढ्यासाठी सोनाराकडे फळी घेऊन गेलात तर तो चहा पाजेल फार तर. किंमत असते ती हाताची आणि महिना-महिना घातलेल्या वेळेची. एक मात्र बरोबर लिहिलंय, की खरं सोनं पिढ्यान्‌पिढ्या काळं पडत नाही. नकली पिवळा वर्ख काही वर्षांत काळवंडतो, म्हणून विकत घेताना वर्ख कसला आहे ते बिलावर लिहून घ्या.

"खडे म्हणजे अस्सल माणिक-पाचू." नाही. काचेचे असतात, किंवा 'जयपूर स्टोन'. राजेरजवाड्यांनी करवून घेतलेल्या एखाद्या चित्रात खरे असतीलही. डोंबिवलीत नाहीत.

"खडा निखळला तर चित्र अशुभ, त्वरित नदीत विसर्जन करावे." उल्हास नदीवर आधीच पुरेसा भार आहे. खडा पडतो कारण डिंक सुकतो. परत लावता येतो.

"ईशान्य भिंतीलाच लावावे." तुमची श्रद्धा, मी मध्ये पडत नाही. फक्त ती ईशान्य भिंत पावसाळ्यात ओल धरणारी नको आणि तिच्यावर थेट ऊन नको. आमच्याकडच्या निम्म्या इमारतींत ही अट वास्तूपेक्षा कडक आहे.

"चित्र पाहिल्यावर मन प्रसन्न होते." होतं. यावर वाद नाही. अंधाऱ्या देवघरात समईची ज्योत हलली की त्या उठावावरचं सोनंही हलल्यासारखं दिसतं. त्यासाठीच तो एवढा खटाटोप असतो, आणि त्याला दूध लागत नाही.

मावशीच्या चित्राचं म्हणाल तर मी शनिवारी जाऊन आले. ओलं होतं तोवर हात लावला नाही. पंख्याखाली, आडवं ठेवून वाळू दिलं. काकांनी फेव्हिक्विक आणून ठेवलं होतं, ते लपवलं. चक्राचे दोन आरे गेलेत, वर्ख एका कडेने उचलला आहे, पण नाम आणि शंख धड आहेत. सुटलेले सात खडे आणि मक्कूचा तुकडा कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात बाईंना दाखवू.

चेन्नईच्या बहिणीला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती हे वाचणारच. ताई, मावशीला फोन करशील तेव्हा आधी तब्येत विचार, चित्राचं नंतर.