पाळण्यातले पाय नीट बघा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. तुम्हाला अजून दिसले नसतील तर चष्मा बदला, कारण शेजारच्यांना त्यांच्या बाळाचे दिसलेसुद्धा.

खूण सोपी आहे. पाहुण्यांपुढे न अडखळता तीसपर्यंत पाढे म्हणतो तो प्रतिभावान. मध्येच थांबून "शून्याचा पाढा का नसतो?" विचारतो तो आगाऊ. पहिल्याचा व्हिडिओ काढायचा, दुसऱ्याला आतल्या खोलीत पाठवायचं.

शाळेत फार लक्ष घालू नका, तिथे व्यवस्था चोख असते. वीस गणितं पाच मिनिटांत उरकून पोरगं खिडकीबाहेर बघत बसलं, की त्याला बक्षीस म्हणून तसलीच आणखी वीस मिळतात. पोरगं काही बावळट नाही. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या दहालाच अख्खा तास लावतं. मग प्रगतिपुस्तकात शेरा येतो: "आता वर्गात रमतो." मुलगी असेल तर तिच्यावर एवढेही कष्ट पडत नाहीत. आपल्याला येतं हे लपवायला ती आपणहून शिकते आणि आपण तिला समजूतदार म्हणतो.

घरात मात्र सावध राहा. रात्री अकराला "सूर्य विझला तर आपलं काय?" म्हणून झोप उडालेलं सहा वर्षांचं मूल सकाळी मोज्याची शिवण टोचते म्हणून जमिनीवर लोळण घेतं. जाणकार म्हणतात, अशा मुलांची बुद्धी एका वयाची, भावना दुसऱ्या वयाच्या आणि बोटं तिसऱ्याच वयाची असू शकतात. झरझर वाचणाऱ्याचं अक्षर कोंबडीचे पाय असू शकतं. जाणकारांना काय जातंय बोलायला! तुम्ही एकच वाक्य पाठ ठेवा: "एवढं कळतं आणि मोज्यासाठी रडतोस?"

तरी शंका उरलीच तर बुद्ध्यांक काढून घ्या. १३० आला की नातेवाइकांना फोन. १२९ आला तर चाचणी सदोष, दुसरीकडे जा. १९०५ साली फ्रान्समध्ये बिने आणि सिमोन यांनी ही मोजपट्टी बनवली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून, हे कुणाला सांगत बसू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टर्मन यांचं नाव तर काढूच नका. त्यांनी १९२१पासून कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक मोजून दीडेक हजार मुलं निवडली. चाळणीतून गळालेल्यांत शॉकली आणि अल्वारेझ नावाची दोन पोरं होती. त्यांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली. निवडलेल्यांपैकी कुणालाच नाही. (निवडलेल्यांचंही एकंदरीत बरं चाललं म्हणतात. तेवढंच सांगा.)

प्रमाणपत्र हातात पडलं की लगेच लॅमिनेट करा. प्लॅस्टिकखाली अडकलेला हवेचा बुडबुडा मूल बोटाने ढकलत बसेल, इकडून दाबला की तिकडे का सरकतो ते बघत. त्याचा हात बाजूला करा. फोटो काढायचाय.