पडेल सिनेमांचा वाली कोण?

पुण्या-मुंबईच्या मित्रांत एक वाद अधूनमधून उकरला जातोच. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या विनोदी लाटेनं मराठी सिनेमा तारला की बुडवला? एक गट म्हणतो, ‘श्वास’ (२००४) येईपर्यंत नुसत्या माकडचेष्टा पाहिल्या. दुसरा लगेच ‘अशी ही बनवाबनवी’ पुढे करतो. त्या लाटेवर स्वार होऊन निघालेल्या आणि आठवड्याभरात थेटरातून उतरलेल्या सिनेमांचं मात्र कुणी नावही काढत नाही. माझा जीव नेमका त्यांच्यात अडकलाय.

पैसे नसले की सेट लागत नाही. मग हिरो खऱ्याखुऱ्या एसटी स्टँडवर धावतो आणि मागचे प्रवासी कॅमेऱ्याकडे टकामका बघत राहतात. माझ्याकडच्या एका व्हीसीडीत मारामारी कुणाच्या तरी बंगल्यातल्या हॉलमध्ये आहे. खलनायक मार खाऊन कोसळतो, पण त्याआधी टीपॉयवरची फुलदाणी हळूच बाजूला सरकवतो. घरमालकाची असणार! असला विनोद लिहून होत नाही.

न्यू जर्सीत राहायला आल्यावर कळलं, हे खूळ माझं एकट्याचं नाही. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टची व्हिनेगर सिंड्रोम ही कंपनी २०१२ पासून असल्याच विस्मृतीत गेलेल्या स्वस्त सिनेमांच्या निगेटिव्ह शोधून, स्कॅन करून ब्लू-रे काढते. जुनी ॲसिटेट फिल्म कुजू लागली की डब्यातून व्हिनेगरचा वास येतो, त्यावरून हे नाव. उष्मा आणि दमटपणा वाढला की फिल्म आणखी लवकर कुजते. थोडक्यात, मुंबईची हवा.

इथल्या संग्राहकांचं सगळंच पटतं असं नाही. नुसत्या नव्या पुठ्ठ्याच्या कव्हरसाठी तीच डिस्क पुन्हा घेणारे महाभाग आहेत. ‘किती भिकार आहे बघ’ म्हणत खिदळणारे तर त्याहून जास्त. पण भिकार ठरवायला का होईना, सिनेमा त्यांच्या हातात आहे. आपण न बघताच निकाल देतो.

फुलदाणीवाला सिनेमा एका अमेरिकन संग्राहकाला दाखवला. पोट धरून हसला, मग विचारलं, ‘निगेटिव्ह कुणाकडे आहे?’ निर्माता वारला, लॅब बंद पडली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असेलही, पण त्यासाठी कुणीतरी डबे तिथे पोचवायला हवे होते. मित्रांच्या वादात हाच प्रश्न टाकला, तर उत्तर आलं, ‘यूट्यूबवर असेल की.’

आहेच. माझ्याकडे आहे त्याच व्हीसीडीवरून चढवलेला, कोपऱ्यातल्या लोगोसकट, आणि पहिली तबकडी संपते तिथे गाणं अर्ध्यात तुटलेलं.